व्रतांवाचून धर्मजीवन : डेव्हेंटर ते कॉन्स्टन्स

नेदरलँड्समधील डेव्हेंटर या व्यापारी शहरात ख्रिस्ती धर्मसुधारक गेर्ट ग्रोटे यांनी १३७४ साली आपले घर गरीब, धर्मनिष्ठ स्त्रियांना राहण्यासाठी दिले. पाच वर्षांनी त्या घराचे नियम लिहिताना, येथे कोणताही नवा धर्मसंघ (व्रत घेतलेल्या संन्याशांची संस्था) स्थापन होत नाही, हे त्यांनी आवर्जून नमूद केले. या स्त्रिया संन्यासाच्या व्रतांनी बांधलेल्या नव्हत्या. स्वतःच्या कष्टांवर पोट भरीत आणि मनात येईल तेव्हा घर सोडून जाऊ शकत. पुढे याच प्रेरणेतून एकत्र राहू लागलेले बंधू हस्तलिखितांच्या नकला करून उदरनिर्वाह करीत.

ग्रोटे यांची सावधगिरी अनाठायी नव्हती. नवे धर्मसंघ काढण्यास कॅथलिक चर्चच्या १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेनेच मनाई केली होती. त्यानंतर १३११-१२ च्या व्हिएन परिषदेने बेगीन, म्हणजे व्रते न घेता धर्मजीवन जगणाऱ्या स्त्रियांच्या, जीवनपद्धतीवर बंदी घातली. मात्र त्याच आदेशाच्या शेवटी, आपापल्या निवासांत सचोटीने राहून प्रायश्चित्ताचे जीवन जगू इच्छिणाऱ्या श्रद्धाळू स्त्रियांना आडकाठी नाही, अशी पुस्तीही जोडली. एका हाताने दिलेली शिक्षा दुसऱ्या हाताने सैल करणारा हा मजकूर पुढे शंभर वर्षे अशा जीवनाच्या विरोधकांना आणि पाठीराख्यांना, दोघांनाही सोयीचा ठरला.

कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत डोमिनिकन संघाचे संन्यासी मॅथेउस ग्राबो यांनी, संघाबाहेर धर्मजीवन जगता येते का, हा वाद टोकाला नेला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांचे खरे आचरण मान्यताप्राप्त संघातच शक्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. एवढ्यावर न थांबता, संघाबाहेर राहून सर्वस्वाचा त्याग करणारा मनुष्य स्वतःच्या निर्वाहाचे साधनच नष्ट करतो, म्हणून तो आत्मघाताचा दोषी ठरतो, असाही युक्तिवाद त्यांनी केला. तो तर्कशुद्ध दिसतो. पण येशूचे शिष्य कोणत्या मठात दाखल झाले होते, या प्रश्नापुढे तो टिकत नाही.

पॅरिस विद्यापीठाचे कुलपती ज्यां जेरसों यांनी १४१८ साली नेमक्या याच मर्मावर बोट ठेवले. खऱ्या अर्थाने धर्म एकच, तो ख्रिस्ताचा, आणि कोणतेही व्रत न घेता तो पूर्णत्वाने पाळता येतो, असा निर्वाळा त्यांनी दिला. कार्डिनल पिएर दायी यांनीही ग्राबो यांच्या विरोधातच मत नोंदवले आणि ग्राबो यांना आपली विधाने मागे घ्यावी लागली.

हा विजय तत्त्वाचा होता. व्यवहारात संशयाचा जाच आधीच पुरेसा झाला होता. उट्रेख्तच्या परिसरातील अनेक भगिनीगृहांनी १३९९ पासूनच संत फ्रान्सिस यांच्या तृतीय संघाची (मठाबाहेरील सामान्य श्रद्धाळूंसाठीच्या मान्यताप्राप्त संघाची) नियमावली स्वीकारून अधिकृत छत्र मिळवले होते.