सेंट अँब्रोजच्या दारातलं जोडपं

मंडळी, पुतळा म्हटलं की आपल्याला आधी नाव आठवतं. आज मी ज्या शिल्पाबद्दल बोलणार आहे, त्यातल्या माणसांना नावच नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात ‘द हिल’ नावाची जुनी इटालियन वस्ती आहे. तिथल्या सेंट अँब्रोज चर्चसमोर ते उभं आहे. एक तरुण नवरा-बायको. त्याच्या हातात सुटकेस, तिच्याजवळ तान्हं मूल. सेंट लुईसच्याच रुडॉल्फ तोरिनी या शिल्पकाराने १९७२ साली ते घडवलं. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण यात कुणी पराक्रम गाजवताना दाखवलेलं नाही. परक्या मुलखात नुकतेच उतरलेले दोन जीव, एवढंच.

हे लोक तिथे कशाला गेले? मातीसाठी. त्या भागात जमिनीखाली उत्तम प्रतीची चिकणमाती होती, भट्ट्यांच्या आतून लावायच्या विटा जिच्यापासून होतात ती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिलानच्या पश्चिमेकडच्या कुजोनो आणि आसपासच्या गावांतून शेतकरी निघाले आणि इथल्या खाणींत, वीटभट्ट्यांवर राबू लागले. आधी एकटे पुरुष आले, मग बायकामुलं आली. पुढे सिसिलीतूनही माणसं आली. उत्तरेचे लोम्बार्ड आणि दक्षिणेचे सिसिलियन यांचं सुरुवातीला जमत नसे. बोली वेगळी, रीतभात वेगळी. त्यांना एका बाकावर बसवलं ते चर्चने.

या चर्चकडे जरा नीट पाहा. १९०३ साली इथे पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीचा भाविकांचा समुदाय, सुरू झाली. पहिलं चर्च लाकडी होतं. ते १९२१ मध्ये आगीत जळालं. मग १९२६ साली आजची इमारत उभी राहिली. अँजेलो कोरुबिया या वास्तुविशारदाने ती मिलानच्या सांत’अंब्रोजो बॅसिलिकाच्या, म्हणजे तिथल्या सेंट अँब्रोजच्याच मोठ्या चर्चच्या, धर्तीवर बांधली. लाल विटांचं आणि टेराकोटाचं काम, कमानी, लोम्बार्डीचा थाट. दिवसभर माती खणून पोट भरणाऱ्या माणसांनी आपल्या गावाकडच्या संताचं देऊळ भाजलेल्या मातीतच उभारलं. म्हणून हे शिल्प एखाद्या बागेत असतं तर त्याचा अर्थ निम्मा झाला असता, असं माझं ठाम मत आहे.

याच गल्ल्यांतून योगी बेरा आणि जो गॅराजिओला हे बेसबॉलपटू आले. १९५० च्या फुटबॉल विश्वचषकात अमेरिकेने इंग्लंडला १-० असं हरवलं, त्या संघातले चार खेळाडू इथलेच; गोलरक्षक फ्रँक बोर्गी त्यांपैकी एक.

आता १९७२ या सालाकडे वळू. त्याच सुमारास इंटरस्टेट ४४ हा महामार्ग वस्तीला चिरत गेला होता आणि पलीकडची घरं वस्तीपासून तुटायची वेळ आली होती. फादर साल्वातोरे पोलिझी यांनी लोकांना एकत्र केलं. वरून एक पूल हवा, एवढीच मागणी. सरकार दाद देईना, तेव्हा वस्तीने स्वतः पन्नास हजार डॉलर जमवले आणि मंडळी वॉशिंग्टनला वाहतूकमंत्री जॉन व्होल्पे यांच्या दारात जाऊन उभी राहिली. व्होल्पे स्वतःही इटालियन स्थलांतरितांचेच पुत्र. पूल झाला, आणि पलीकडची घरं पुन्हा चर्चच्या वाटेला जोडली गेली.