वरच्या मजल्यावर ऐकू आलं पाहिजे

(दृश्य: पहाट, पाथर्डी फाटा. रो-हाऊसची रांग, गच्चीवरच्या टाक्या, गेटला अडकवलेली दुधाची पिशवी.)

डिसेंबर लागला की नाशिकमध्ये एक बातमी ठरलेली असते: निफाडचा पारा घसरला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात येतो. द्राक्ष बागायतदार मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. आणि इकडे शहरात घरोघरी खिडक्या लागतात. बाथरूमच्या झरोक्यातून गार वारं येतं म्हणून तिथंही पुठ्ठा बसतो.

(दृश्य: झरोक्यात खोचलेला पुठ्ठा, जवळून. वाफेनं ओला होऊन फुगलेला, कडेला चिकटपट्टी.)

हा पुठ्ठा नीट बघून घ्या. कारण याच बाथरूममध्ये, शॉवरशेजारी, गॅस गिझर टांगलेला आहे. त्यातून निघू शकणारा, न दिसणारा विषारी वायू ओळखून घरभर वाजणारा अलार्म कसा निवडायचा आणि कुठं बसवायचा, ते या घरात पाहू.

पूर्वी पंचवटीत, जुन्या नाशकातल्या वाड्यांत पाणी बंबात तापायचं. भांडी बाजारातून आणलेला तांब्याचा बंब, खाली लाकडं. धूर डोळ्यांत गेला की माणूस आपोआप बाजूला सरकायचा. गिझरनं तो धूर घालवला, ही सोयच झाली. पण धुराबरोबर इशाराही गेला.

गॅस जळायला हवा लागते, आणि भरपूर लागते. एक लिटर एलपीजी वायू पूर्ण जळण्यासाठी साधारण २४ ते ३१ लिटर हवा खर्च होते. बादली झटपट भरणाऱ्या गिझरची आच स्वयंपाकाच्या एका बर्नरपेक्षा कितीतरी मोठी असते. चार बाय सहाच्या बंद बाथरूममधली हवा तो भराभर संपवतो. हवा पुरेशी असेल तर गॅस जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

याला रंग नाही, वास नाही, चव नाही. सिलिंडरमधल्या गॅसला वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा, आणि गॅस जळला की तोही जळून जातो. मोनॉक्साइड श्वासातून रक्तात जातो आणि हिमोग्लोबिनला चिकटतो, ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट. माणूस श्वास घेत असतो, छाती वरखाली होत असते, पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात. ताप नसतो. बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं, म्हणून पित्त झालं असेल, उपाशीपोटी आंघोळ केली म्हणून चक्कर आली असेल, असं म्हणून आपण ते सोडून देतो.

गिझरइतकीच काळजी वाटावी अशी दुसरी जागा म्हणजे बाळंतिणीची खोली. दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, बाजेखाली किंवा बाजेशेजारी शेगडी, वर ओवा-बाळंतशोपांची धुरी. आपल्याकडे शेगडी अंगणात पेटवतात, धूर निघून जाऊ देतात आणि निखारे लाल झाले की आत आणतात. धूर गेला म्हणजे धोका गेला, असं वाटतं. प्रत्यक्षात बिनधुराचे लालबुंद निखारेच खोलीत मोनॉक्साइड सोडत राहतात. बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, त्यामुळे ते हा वायू लवकर ओढून घेतं. शेक देण्यामागची माया खरी आहे, तिला कुणी नावं ठेवू नयेत. पण शेक तव्यावर गरम केलेल्या कापडानंही देता येतो. कोळसा खोलीत नको, आणि शेगडी आत ठेवून झोपणं तर मुळीच नको.

(दृश्य: रो-हाऊसचं स्वयंपाकघर, पलीकडे ड्राय बाल्कनी.)

या घरातल्यांनी सगळ्यात आधी गिझर बाथरूममधून काढला आणि मागच्या ड्राय बाल्कनीत बसवला. झरोक्यातला पुठ्ठाही निघाला. हे पहिलं काम, आणि अलार्म कितीही चांगला असला तरी त्यानं हे काम टळत नाही. मात्र बऱ्याच घरांत ड्राय बाल्कनीला नंतर सरकत्या काचा बसतात. काचा लावल्या की बाल्कनीची खोली होते आणि गिझरचा वायू स्वयंपाकघरात शिरतो. या घरातही काचा आहेत. म्हणून कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे अलार्म, आणि तेही एकमेकांशी वायरलेस जोडलेले.

विकत घेताना खोक्यावरची अक्षरं वाचा. दुकानात ‘गॅस डिटेक्टर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक एलपीजीची गळती ओळखणारं यंत्र असतं. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून ते यंत्र खाली बसतं. कार्बन मोनॉक्साइड हवेच्या जवळपास वजनाचा, किंचित हलका, आणि ज्वलनाच्या गरम हवेबरोबर वर चढणारा. एक यंत्र दुसऱ्याचं काम करत नाही. धुराचा अलार्म तर तिसरीच वस्तू. खोक्यावर कार्बन मोनॉक्साइड स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४ या मानकाचा उल्लेख हवा. पहिलं युरोपचं, दुसरं अमेरिकेचं.

युरोपच्या मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग मोनॉक्साइड असेल तर अलार्म ६० ते ९० मिनिटांत वाजतो. १०० भाग असेल तर १० ते ४० मिनिटांत. ३०० भाग झाले की तीन मिनिटांच्या आत. हा वायू किती आहे आणि किती वेळ आहे, या दोन्हींवर शरीराची हानी ठरते. अलार्मचा हिशोबही तसाच बसवलेला असतो.

(दृश्य: वायरमन शिडी उघडतो. घरातल्या काकू हातात अलार्म घेऊन उभ्या.)

“काकू, हा गिझरच्या बरोबर वर ठोकू का?”

“नको रे दादा, पुस्तकात लिहिलंय, थोडा लांब पाहिजे. आणि खिडकीजवळ पण नको म्हणतात.”

काकूंचं बरोबर आहे. गिझरपासून आडव्या अंतरानं तीन ते दहा फूट. छतावर लावायचा तर भिंतीपासून निदान एक फूट आत. भिंतीवर लावायचा तर छताच्या अर्धा फूट खाली, पण दाराच्या आणि खिडकीच्या चौकटीपेक्षा वर. पंख्याच्या झोतात नाही, एक्झॉस्टशेजारी नाही, पडद्यामागे नाही, कपाटात नाही. बाथरूममध्येही नाही, वाफेनं सेन्सर खराब होतो. झोपायच्या खोलीत मात्र उशाच्या उंचीवर, झोपलेल्या माणसाच्या श्वासाच्या पातळीला.

आपल्याकडे आणखी एक जागा टाळावी लागते: जिन्याखालचा इन्व्हर्टर. त्याची पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि मोनॉक्साइडचा सेन्सर हायड्रोजनलाही भुलतो. लाइट जाऊन आली की अलार्म वाजायला लागतो. दोन-तीनदा असं झालं की घरचे वैतागून तो काढूनच ठेवतात. मग तो कायमचाच गप्प होतो. म्हणून इन्व्हर्टरपासून तो लांबच असू द्या.

आता वायरलेस कशासाठी, हा प्रश्न. गिझर खाली, मागच्या बाजूला. मुलगा-सून वर, दार लावून, पंखा नाहीतर हीटर लावून झोपलेले. आजी खालच्या खोलीत, आणि आजींना कमी ऐकू येतं. स्वयंपाकघरातला अलार्म पहाटे वाजला तरी वर कुणी उठेलच असं नाही. वायरलेस जोडणीत एकानं वायू पकडला की सगळे एकदम वाजतात. भिंती फोडायला नकोत, वायरची पट्टी मारायला नको. या घरात तीन आहेत: स्वयंपाकघर, वरची बेडरूम, आजींची खोली.

काही अलार्म वाय-फायवर चालतात आणि मोबाइलवर संदेश पाठवतात. घरी कुणी नसताना ते उपयोगी. पण लाइट गेली की राउटर बंद, आणि रात्री फोन सायलेंटवर. झोपलेल्या घराला उठवायचं तर आपसात थेट रेडिओनं बोलणारे, स्वतःच्या बॅटरीवर चालणारे अलार्मच घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

जोडणी सोपी असते, पण प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. साधारणपणे सगळे एका टेबलावर ठेवायचे, पहिल्याचं जोडणीचं बटण दाबायचं, दिवा लुकलुकायला लागला की ठरलेल्या वेळात दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. रो-हाऊसची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असते. त्यांच्याकडेही त्याच कंपनीचे अलार्म असतील, तर जोडणी एकाच वेळी करू नका, नाहीतर त्यांचा अलार्म तुमच्या घराशी जोडला जाईल.

(दृश्य: वायरमन अलार्म भिंतीला नुसता टेकवून धरतो. ड्रिल अजून पिशवीतच.)

भोक पाडण्याआधी चाचणी. मधल्या आरसीसी स्लॅबमुळे आणि लोखंडी कपाटामुळे रेडिओ लहरी कमजोर होतात. म्हणून जागेवर हातानं धरून खालचं बटण दाबायचं आणि वर, दार लावून, पंखा सुरू ठेवून एकानं ऐकायचं. दुसरा वाजायला थोडे सेकंद लागू शकतात.

“सूनबाई, वाजला का गं?”

“वाजला, आई! पण बारीक येतोय.”

बारीक येतोय हे कळलं, हेच या चाचणीचं फळ. वरचा अलार्म पॅसेजमध्ये धरला होता. तो बेडरूममध्ये, पलंगाशेजारी आला. मग ड्रिल निघालं.

पुढची निगा थोडी आहे, पण ती चुकवायची नाही. महिन्यातून एकदा तरी चाचणीचं बटण, आणि प्रत्येक वेळी सगळे वाजतात का ते ऐकणं. कंपनी आठवड्याला म्हणत असेल तर आठवड्याला. धूळ मऊ कोरड्या ब्रशनं झटकायची. ओला फडका नाही, कॉलिन नाही, झुरळांचा स्प्रे जवळपास नाही. दिवाळीआधी घराला रंग देताना अलार्म उतरवून ठेवायचा, कारण रंगाच्या आणि थिनरच्या वाफेनं सेन्सर बिघडतो. रंग वाळला, वास गेला की त्याच दिवशी परत चढवायचा. उदबत्तीचा धूर दाखवून किंवा गाडीच्या सायलेन्सरशी धरून तपासायला जाऊ नका, त्यासाठीच बटण दिलेलं आहे.

मधूनच एकदा ‘टिक’ वाजलं तर बॅटरी संपत आली किंवा यंत्राची मुदत संपली. सेन्सर कायम टिकत नाही. पाच, सात, फार तर दहा वर्षं. मुदतीची तारीख मागे छापलेली असते. या काकूंनी ती मार्करनं पुढच्या बाजूला, कडेवर, ठळक लिहून घेतली आहे. नवी बॅटरी घालून जुना सेन्सर तरुण होत नाही.

आणि खराच वाजला तर? जाता जाता गिझर बंद, दारं-खिडक्या सताड, आणि सगळे बाहेर. अंगणात माणसं मोजायची. चप्पल, फोन, पाकीट आणायला कुणी आत जायचं नाही. बाथरूममध्ये कुणी असेल तर आधी त्याला बाहेर काढायचं, कडी लागली असेल तर दार तोडायचं. कुणाला त्रास होत असेल तर १०८ ला फोन, अग्निशमनासाठी १०१.

दवाखान्यात पोचल्यावर एक वाक्य आवर्जून सांगा: “घरात मोनॉक्साइडचा अलार्म वाजला होता.” कोरोनापासून घरोघरी ऑक्सिमीटर आला आहे. तो बोटाला लावला तर आकडा ९८ सुद्धा दिसू शकतो. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन लागलेलं आणि मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. त्या आकड्यावर विसंबून घरी परतू नका. रक्तातला मोनॉक्साइड साध्या हवेत निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. रक्ताची वेगळी तपासणी असते, ती डॉक्टर ठरवतील.

घरी आल्यावर अलार्म गप्प झालेला असेल, कारण हवा खेळती झाली. वायू ज्यानं पकडला त्या अलार्मचा लाल दिवा अनेक यंत्रांत लुकलुकत राहतो, त्यावरून खोली कळते. मेकॅनिकनं गिझरचा बर्नर उघडून काजळी साफ करेपर्यंत आणि पिवळी ज्योत पुन्हा निळी झालेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत गिझरचा नॉब फिरवायचा नाही. तोवर आंघोळीचं पाणी स्वयंपाकघरात, खिडकी उघडी ठेवून, पातेल्यात तापवायचं.