आकड्याचे पाय

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पावसाळ्यात सांगलीतलं प्रत्येक घर टीव्हीवर एकच आकडा शोधत असतं: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. गावभागातल्या एका आजींनी मला अशाच एका संध्याकाळी बोलावलं. बातम्यांखालच्या पट्टीतला आकडा त्यांना अर्धाच दिसत होता. जवळ जाऊन मीही पाहिलं. तीनचं डोकं, शेजारी एक गोल, आणि खाली चौकट. आठाचा वरचा गोल आणि नवाचा गोल सारखाच असतो. 38 की 39, कसं सांगणार? "पॅनेल गेलं, नवा टीव्ही घ्या," असं त्यांना आधी कुणीतरी सांगून गेलं होतं. पॅनेल ठणठणीत होतं.

हा दोष नाही. कडा कापायची ही सवय आजच्या टीव्हीला जुन्या डबा टीव्हीकडून आली आहे. पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर ओळी ओढतो. आपल्याकडच्या पद्धतीत 625 ओळी, त्यांतल्या 576 चित्राच्या. पण हा झोत जागचा हलायचा. व्होल्टेज उतरलं की चित्र आकसायचं, पडद्यावर एकदम उजेड आला की फुगायचं, सेट जुना झाला की एका बाजूला सरकायचं. कडेला काळी पट्टी दिसू नये म्हणून कारखान्यातच चित्र काचेच्या चौकटीपेक्षा थोडं मोठं ठेवत. त्यालाच ओव्हरस्कॅन म्हणतात. कार्यक्रम करणाऱ्यांना हे ठाऊक असे. महत्त्वाची हालचाल ते मधल्या 90 टक्क्यांत ठेवत, अक्षरं 80 टक्क्यांत. त्या काळात ती शहाणी व्यवस्था होती, असं मी मनापासून म्हणतो.

आताच्या सपाट टीव्हीत झोतच नाही. फुल एचडी पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके पक्के बसवलेले आहेत, फुल एचडी सिग्नलमध्येही तेवढेच येतात. ठिपक्यावर ठिपका बसला की झालं. तरी बरेच टीव्ही कडा कापतातच. समजा 5 टक्के कापलं, तर उरतात 1824 बाय 1026. तेवढंच चित्र ताणून पूर्ण पडद्यावर पसरवतात. वरच्या 27 ओळी गेल्या, खालच्या 27 गेल्या, आणि मला जास्त खटकतं ते पुढचं: ताणल्यामुळे उरलेली अक्षरंही मऊ पडतात. टीव्हीला कॉम्प्युटर जोडला आणि अक्षरं वाचताना डोळे दुखले, तर आधी इथेच संशय घ्या.

दुरुस्ती रिमोटवरच आहे. आधी नीट बघा. चारही कडा सारख्या कापल्यात का? मग ओव्हरस्कॅन. फक्त वर-खाली कापलंय? मग बहुतेक टीव्हीवर किंवा सेट टॉप बॉक्सवर झूम लागलेला असतो, तो काढा. ओव्हरस्कॅनसाठी पिक्चरच्या सेटिंगमध्ये पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट रेशो उघडा. नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं: एलजीच्या अनेक सेटवर 'जस्ट स्कॅन', सॅमसंगवर 'स्क्रीन फिट', सोनीवर 'फुल पिक्सेल', शार्पवर 'डॉट बाय डॉट'. पुष्कळ टीव्ही हे प्रत्येक एचडीएमआय इनपुटसाठी, म्हणजे केबल खोचायच्या प्रत्येक जागेसाठी, वेगळं लक्षात ठेवतात, म्हणून बॉक्सचं केलं तरी कॉम्प्युटरचं पुन्हा करावं लागतं. काही सेटवर त्या इनपुटला 'पीसी' नाव दिलं की कापणं आपोआप थांबतं.

एक कळकळीची विनंती. कॉम्प्युटरमध्ये चित्र लहान करायची सोय असते, तिला आधी हात लावू नका. तिथे चित्र आकसतं, टीव्ही ते पुन्हा ताणतो. कडा दिसतात, पण अक्षरांची धार दोनदा मरते. टीव्हीत काहीच पर्याय नसेल तरच ती वापरा.

इथे लग्नाची शूटिंग करणारी मुलं बसली आहेत, त्यांनाही सांगतो. वधू-वरांची नावं अजूनही कडेपासून आत घ्या. तुमची फिल्म कुणाच्या घरी कुठल्या सेटिंगवर लागेल ते तुमच्या हातात नाही.

आजींकडे हे सगळं करायला दोन मिनिटं लागली. पट्टी वर आली, आकड्याला पाय फुटले. आजींनी चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचलं, "एकोणचाळीस. अरे बाबा, जरा फोन दे." सांगलीवाडीतल्या भाचीला त्यांनी सांगितलं, गव्हाचं पोतं आत्ताच माळ्यावर चढव.