मुठीला तेल पाजताना

(आधी फक्त आवाज. निवेदन चार सेकंदांनी.)

हा १२० नंबरचा पॉलिश पेपर. सुरीच्या लाकडी मुठीवरचे कानशीचे ओरखडे काढतोय. यानंतर २२०, मग ३२०, मग ४००. नंबर चढतो तसा आवाज बारीक होत जातो. कागद बदलायची वेळ झाली हे बोटांआधी कानाला कळतं.

पात्यावर चिकटपट्टी गुंडाळली आहे. बोटं वाचतात, पात्यावर चरेही पडत नाहीत. हात मात्र लाकडाच्या रेषांबरोबरच चालतो. आडवा गेलेला चरा आत्ता लपेल. तेल लागलं की पहिला तोच दिसेल.

आणि आता हे बघा. एवढी गुळगुळीत केलेली मूठ ओल्या फडक्यानं पुसली जातेय. मुद्दाम. घासताना दबलेले तंतू पाणी पिऊन उभे राहतात. मूठ वाळली की पुन्हा खरखरीत. मग ४०० नंबरचा कागद, हलक्या हातानं. हे आज टाळलं, तर पहिल्यांदा सुरी धुताना होणारच आहे. घाई असली की नेमकी हीच पायरी गाळतात आणि वर जाड वार्निश चढवतात. दिसतं झकास! पण त्या थराला एक तडा गेला, की पाणी आत शिरतं आणि तिथंच कोंडतं.

(जवसाच्या तेलाचा पहिला थेंब. निवेदन नको.)

टोकाकडे लक्ष द्या. तिथं लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, म्हणून तेल लावताक्षणी गडप होतं. पिईल तेवढं पाजायचं. पंधरा-वीस मिनिटांनी वर उरलेलं पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट साय धरते. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडातच घट्ट होतं. कच्चं असेल तर त्याला दिवसच्या दिवस लागतात. जुना हिशोब असा: आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला. आमचा कॅमेरा तेलाच्या चौथ्या हातापर्यंतच थांबला.

तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, आपोआप तापून पेटू शकतात; पसरून वाळवा. आणि एवढं करूनही सुरी पाण्यात भिजत ठेवायची नाही.

शेवटी मधमाश्यांचं मेण, याच तेलात वितळवलेलं. चिमूटभर पुरतं. ते तळव्याच्या उबेनं मऊ होतं, म्हणून आता फडकं बाजूला.

(चिकटपट्टी निघते. मूठ हातात. इथून पुढे निवेदन नाही.)