आधी रंग, मग डीएनए

(दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी. यंत्रमागांचा खडखडाट. कॅमेरा टॉवेलच्या गठ्ठ्यावर थांबतो.)

सोलापूरच्या कारखान्यात टॉवेलवर तपकिरी डाग दिसला तर कुणी दचकत नाही. मागाचा गंज असतो, वंगण असतं, नाहीतर कुणाच्या तरी पानाची पिंक. पण समजा, रात्री इथं प्राणघातक हल्ला झालाय आणि असाच एक डाग पोलिसांसमोर आहे. पंचनाम्यात ‘रक्तासारखा डाग’ अशी नोंद होते. पुढे काय?

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी यायचं, असं ती सांगते. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. हे तज्ज्ञ आले, की त्यांच्या पेटीत एक जुनी चाचणी हमखास असते, कॅसल-मेयर.

(दृश्य: हातमोजे, स्वॅब, तीन छोट्या बाटल्या.)

स्वॅब डागावर फिरवायचा. त्यावर अल्कोहोलचा थेंब, मग फिनॉल्फ्थॅलिनचं रंगहीन केलेलं द्रावण, शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. काही सेकंदांत स्वॅब गुलाबी झाला, तर रक्त असण्याची शक्यता. पेरॉक्साइडच्या आधीच रंग आला तर चाचणी बाद. आणि स्वॅब तसाच पडून राहिला तर नुसत्या हवेनंही गुलाबी होतो, तो रंग धरायचा नाही.

रंग येतो तो हिमोग्लोबिनमधल्या हीममुळे, आणि हीम बोकडाच्या रक्तातही असतंच. काही भाज्यांमधली विकरं, लोखंड-तांब्याचे क्षार आणि ब्लीचसुद्धा चकवतात. जिथं गंजकी यंत्रं आहेत आणि शेजारीच कापडाचं ब्लीचिंग चालतं, तिथं या गुलाबी रंगावर किती भरवसा ठेवायचा?

(दृश्य: टेबलावर ठेवलेलं यंत्र, आत सरकणारा कार्ट्रिज.)

आता रॅपिड डीएनए. स्वॅब आत घालायचा, साधारण दीड-दोन तासांत प्रोफाइल, म्हणजे माणूस ओळखण्यासाठीचा डीएनएचा आराखडा, बाहेर. ही यंत्रं मुळात गालाच्या आतून घेतलेल्या, भरपूर पेशी असलेल्या स्वॅबसाठी घडवली गेली. डागाचं तसं नसतं. नेहमीच्या प्रयोगशाळेत मधे एक पायरी असते: नमुन्यात माणसाचा डीएनए किती आहे आणि प्रक्रियेला अडथळा आणणारं काही आहे का, ते मोजलं जातं. अडथळा दिसला तर नमुना पुन्हा शुद्ध करता येतो. झटपट यंत्रात ही पायरीच नाही. निकाल कोरा आला, तर डीएनए नव्हता की रसायनानं वाट अडवली, हे त्या पडद्यावरून सांगता येत नाही.

आणि ते रसायन कधी कधी आपणच घातलेलं असतं. हेमास्टिक्स नावाची पट्टी मुळात लघवीतलं रक्त तपासायची. पोलिसांना ती सोयीची वाटते, कारण बाटल्याच लागत नाहीत. पण कॅनडाच्या पोलीस प्रयोगशाळेतल्या संशोधकांना २००९ मध्ये दिसलं, की ही पट्टी लावलेल्या नमुन्यातून चुंबकीय मण्यांनी डीएनए वेगळा काढण्याच्या एका प्रचलित पद्धतीनं डीएनए मिळेनासा होतो. पद्धत बदलली की परिणामही बदलतो. रक्ताचा डाग अंधारात चमकवणारं ल्युमिनॉल त्या मानानं डीएनएला कमी त्रास देतं, पण फवारा जास्त झाला तर कापडावरचा पातळ डाग आणखी पसरतो. डीएनए तपासणीत कपड्याचा रंगही आडवा येऊ शकतो; जीन्सचा निळा रंग त्यासाठी बदनामच आहे.

म्हणून रंगाची चाचणी यंत्रात जाणाऱ्या स्वॅबवर करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डागाच्या कडेचा एखादा धागा किंवा वेगळा स्वॅब त्यासाठी खर्ची घालावा. त्याच टॉवेलच्या स्वच्छ भागाचाही एक स्वॅब घ्यावा. कुठलं रसायन, कुठं आणि किती वाजता लावलं, हे पाकिटावर लिहावं. पाकीट कागदाचंच हवं. सोलापूरच्या उन्हाळ्यात सावलीत ठेवलेला स्वॅब बघता बघता वाळतो. ओला असतानाच प्लॅस्टिकमध्ये बंद केला तर बुरशी धरते.

रंग आला नाही म्हणून डाग सोडून द्यावा, असंही नाही. धुतलेल्या कापडात डीएनए उरलेला असू शकतो.

(दृश्य: लाखेचं सील, मुद्देमालाची नोंदवही.)

आणखी एक अडचण. डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक लोकसभेतून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यात प्रस्तावित असलेली राष्ट्रीय डीएनए बँक उभी राहिलेली नाही. त्यामुळे यंत्रातून आलेली प्रोफाइल जुळवायची ती मुख्यतः हाती असलेल्या संशयिताच्या किंवा जखमीच्या नमुन्याशी. संशयितच सापडला नसेल आणि डाग एवढासाच असेल, तर दीड तासाच्या उत्तराची घाई कशाला? तो स्वॅब सील करून सरळ सीएकडे, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाकडे पाठवावा.