काळ्या मारबतीचं तोंड

पोळ्याचा दुसरा दिवस, नागपूरची इतवारी. पाय ठेवायला जागा नाही, "घेऊन जा गे मारबत"चा नुसता कल्ला, अन् काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला तो मोठा पुतळा, समोर आली तेव्हा ऊन नेमकं तिच्या पाठीमागून. मी कॅमेरा डोक्यावर धरला अन् दाबत सुटलो. घरी येऊन बघतो तर आकाश पांढरंफटक अन् मारबतीच्या तोंडाचा पार कोळसा. आई म्हणे, "काय रे हे, मारबत कुठाय यात?"

हा बघा, हा जेपेग. उजेड वाढवला की राखाडी चिखल, कारण जेपेगात एका रंगाच्या 256च पायऱ्या असतात, बाकीचं कॅमेऱ्यानं आधीच फेकून दिलेलं. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरनं टिपलेल्या कच्च्या मालात, त्याच पायऱ्या 16,384. म्हणजे तोंड होतं बाप्पा, दिसत नव्हतं एवढंच.

मग डार्कटेबल, म्हणजे रॉ फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर. फुकट, ओपन सोर्स, 2009 पासून लोकं आपला वेळ घालून बनवून राहिले, लिनक्स, विंडोज, मॅक सगळ्यावर चालते. खरं सांगू तर पहिल्यांदा उघडलं तेव्हा इतकी बटनं पाहून मी दोनदा बंद करून टाकलं होतं, आताही अर्ध्यांना हात लावत नाही. आधी एक्सपोजर, म्हणजे उजेड, पण सगळ्या फोटोला नाही, मास्क काढून फक्त तोंडाभोवती असा घेरा घातला, कडा मऊ केल्या अन् हळूहळू दोन स्टॉप वर, म्हणजे उजेड चौपट. हे बघा, डोळे आले. गालावर रंगाच्या ब्रशचे फराटेसुद्धा दिसून राहिले!

त्याच्यासोबत दाणेही आले, अंधार उपसला की येतातच. त्याला डिनॉइज प्रोफाइल्ड, हे डार्कटेबलातलं दाणे पुसायचं साधन, कोणत्या कॅमेऱ्यात कोणत्या आयएसओला (उजेड वाढवायच्या सेटिंगला) किती दाणे पडतात याचा हिशोब त्याच्यात आधीच भरलेला असतो. आकाश मात्र गेलं ते गेलंच, सेन्सरवरच तिन्ही रंग काठोकाठ भरले तर रॉमध्येही काही उरत नाही.

मूळ फाइलला धक्का नाही, सगळे बदल बाजूच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिले जातात, म्हणून बिनधास्त बिघडवा. मीही घेरा खाली ओढला, गर्दीपर्यंत, अन् आईला बोलावलं.

"हां, आता दिसते. अन् हा दोर ओढून राहिला तो कोण? आपला मामा? तो तर ड्युटीवर होता नं?"