भाकरी तीच, गट खालचा

पॉवरलिफ्टिंग म्हणजे तीन प्रकारांत जड बार उचलणं: खांद्यावर घेऊन बसून उठायचं तो स्क्वाट, आडवं पडून छातीवरून ढकलायचा तो बेंच प्रेस, जमिनीवरून उचलायचा तो डेडलिफ्ट. पण स्पर्धा वजनकाट्यावरच सुरू होते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे गटाची स्पर्धा सुरू होण्याच्या दोन तास आधी वजनं घ्यायला सुरुवात होते. 63 किलो गटात उतरायचं, तर काटा त्याच्या वर जाता कामा नये. सोलापुरातल्या एका मुलीला त्याच गटात उतरायचंय, आणि तिचं वजन आज 66 आहे.

तीन किलो. ते कशातून जातात, यावर सगळं ठरतं. चरबी गेली, तर बार पूर्वीसारखाच उठेल. स्नायू गेला, तर खालच्या गटात जाऊन उपयोग काय?

एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी सहज ओलांडतो. अशा उन्हात रेनकोट चढवून धावायचं, पाणी तोडायचं, असले सल्ले अजूनही दिले जातात. त्यात घटतं ते अंगातलं पाणी. दोन तासांत ते पुरतं भरून निघत नाही, आणि पहिल्याच स्क्वाटला पाय लटपटतात. उष्माघाताचा धोका वेगळाच. हा मार्ग कुणीही धरू नये.

तिच्या सरांनी बारा आठवडे हाताशी ठेवलेत. आठवड्याला वजनाच्या अर्धा टक्का, म्हणजे तीनशे ग्रॅमच्या आसपास घट. त्यासाठी रोज साधारण 350 कॅलरी कमी.

त्या कमी करायच्या कुठे? स्वयंपाकघरात परातीत भाकरी थापली जातेय. पीठ मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं. आईला काळजी, "अगं, भाकरी सोडलीस तर अंगात ताकद कुठनं येणार?"

आईचं बरोबर आहे. जड वजन उचलायला कर्बोदकं लागतात, म्हणून भाकरी ताटातून हलत नाही. हात आखडतो तो तेलावर. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास स्निग्धांश, त्यात शेंगा चटणीवर वरून तेलाची धार. पोह्यांचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी. चटणी रोज असते, पण मोजून, आणि धार बंद. उलट प्रथिनं वाढलीत. वजनाच्या दर किलोमागे 1.6 ते 2.2 ग्रॅम, म्हणजे तिला दिवसाला 120 च्या घरात. अंडी, दही, मटकीची उसळ, आणि सोया चंक्स. नुसत्या 50 ग्रॅम चंक्समध्ये 25 ग्रॅम प्रथिनं मिळतात.

संध्याकाळी जिम. तळहाताला पांढरा चॉक, बोटांखालचे घट्टे सोललेले, नडगीवर बार घासल्याचे वण. बारवरचं वजन सरांनी उतरवलेलं नाही. सेट, म्हणजे उठावांच्या फेऱ्या, कमी केलेत. हलक्या वजनाने भरमसाट रेप्स, म्हणजे सलग उठाव, मारल्या की चरबी वितळते, हा समज जिमोजिमी आहे आणि तो चुकीचा आहे. जेवण कमी असताना स्नायू टिकवायचा, तर जड वजनाची सवय मोडून चालत नाही. तरीही बेंच प्रेस बहुधा आधी कुरकुरतो. डेडलिफ्ट तग धरतो.

काटा रोज सकाळी, पण हिशोब आठवड्याच्या सरासरीचा. पाळीच्या आधी वजन किलोभर वर जाऊ शकतं. ते पाणी असतं, म्हणून त्या दिवसांत जेवण तोडायचं नाही. सर कंबरेची टेप आणि वहीतले आकडे बघतात. स्क्वाट सलग दोन आठवडे खाली आला, तर जेवण वाढवायचं, असं दोघांचं ठरलंय. मग 63 राहू दे, ती 69 च्या गटात उतरेल.

गट कुठलाही असो, प्रत्येक प्रकारात तीन प्रयत्न मिळतात. पहिल्या स्क्वाटचा आकडा सरांनी आत्ताच लिहून ठेवलाय. थकलेल्या दिवशीही ती सलग तीनदा उचलते, तेवढाच.